थट्टा कोणाची आणि थट्टा कोणाशी?



दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की ग्रंथालयाच्या दाराशी एक जुनी पत्र्याची पेटी येऊन बसते. पेटीवर पांढऱ्या रंगाने ‘शेलापागोटे’ असे लिहिलेले आहे. मुले मात्र तिला फिशपॉन्डची पेटीच म्हणतात. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात वाचायच्या गमतीदार चिठ्ठ्या या पेटीत टाकायच्या, हा शाळेचा जुना रिवाज. यंदा डिसेंबर उजाडला तरी पेटी कपाटावरच आहे. मुले रोज विचारतात, “सर, पेटी कधी ठेवणार?” आणि आम्ही रोज “बघू” म्हणतो.

या ‘बघू’मागचे कारण विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या तिघांनाही सांगावे, म्हणून हा लेख. पालकसभेत यावर बरीच चर्चा झाली. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे मत पडले की हा प्रकार कायमचा बंद करावा. शाळेत एकमेकांची टिंगल करण्याला व्यासपीठ कशाला? काही माजी विद्यार्थी म्हणाले, शेलापागोट्याशिवाय संमेलन म्हणजे मिठाशिवाय वरण. दोन्ही बाजू शाळेच्या हिताचेच बोलत होत्या. शेलापागोटे समितीवर आम्ही तीन शिक्षक आहोत. आमचे मत मांडण्याआधी आमची चूक सांगणे भाग आहे. सुरुवात तिच्यापासूनच करतो.

काय घडले?

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एका तासाला बाईंनी विचारले, “फळा सजवायला कोण थांबेल?” एक मुलगी चटकन उठून म्हणाली, “बाई, मी नवरीच आहे, मी थांबते.”

बडोद्याबाहेरच्या वाचकाला यातली गंमत समजावून सांगावी लागेल. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, मोकळा, हाताला काम नसलेला. ‘हुं नवरी छुं’ म्हणजे मला सध्या काही काम नाही, मी मोकळी आहे. मराठीत मात्र नवरी म्हणजे बोहल्यावर उभी राहणारी. या मुलीच्या घराच्या चारी बाजूंना गुजराती शेजार आहे आणि ती लहानपणापासून त्याच अंगणात खेळली आहे. तिच्या तोंडी तो शब्द सहज आला. सारा वर्ग हसला, बाई हसल्या, आणि ती स्वतःही हसली. इथपर्यंत कोणाचे काहीच बिघडले नव्हते.

संमेलनाच्या पेटीत मग चिठ्ठी आली: “लग्न अजून ठरले नाही, पण नवरी मात्र रोज वर्गात हजर!” चिठ्ठीवर नाव नव्हते. समितीतले आम्ही तिघे आणि चार विद्यार्थी चिठ्ठ्या निवडायला बसलो होतो. ही चिठ्ठी वाचून सगळे खळखळून हसले आणि एकमताने ती निवडली. कोटी चांगली होती, हे आम्ही आजही नाकारत नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. चिठ्ठी शिवराळ असती तर आम्ही ती फाडून टाकली असती. ती चांगली होती, म्हणूनच पुढचा विचार करायचे आम्हाला सुचले नाही.

संमेलनात टाळ्या पडल्या. मात्र संमेलन संपले तरी ती चिठ्ठी संपली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे नावच ‘नवरी’ पडले. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून ‘सावधान’ असा सूर निघे. पाचवीसहावीची मुलेही मधल्या सुट्टीत तिला त्याच नावाने हाक मारू लागली. त्यांना मूळ गोष्ट ठाऊकसुद्धा नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बाईंच्या लक्षात आले, की ही मुलगी मराठीच्या तासालाही शक्यतो मान हलवून उत्तर देते आणि मैत्रिणींशी हिंदीत किंवा गुजरातीत बोलते. त्याआधीच्या वर्षी मराठी वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा क्रमांक आला होता. यंदा तिने नावच दिले नाही. तिच्या आईने पालकसभेत विचारले, “मराठी बोलायला लाज वाटू नये म्हणून आम्ही हिला या शाळेत घातले. आता शाळेतच लाज वाटू लागली तर काय करायचे?”

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते.

शब्दातच अर्थ आहे

उत्तर शोधताना आम्ही आधी पेटीवरच्या शब्दाकडे वळलो. शेला म्हणजे खांद्यावर घ्यायचे मानाचे वस्त्र आणि पागोटे म्हणजे डोक्याला बांधायचे. कोणाचा सन्मान करायचा तर त्याला शेलापागोटे देत. लग्नकार्यातल्या मानपानात व्याह्यांना देत, दरबारात गुणी माणसाला देत. गायकवाडांच्या या नगरीला अशा सन्मानांची ओळख करून द्यायला नको. संमेलनातल्या खोचक चिठ्ठ्यांना हाच शब्द लावणारा माणूस मिश्किल असला पाहिजे. “या, आपला सत्कार करतो,” असे म्हणून टोपी उडवायची! पण नीट पाहिले तर या शब्दात एक अटही आहे. ज्याला आपण शेला देतो त्याला आपण काहीतरी मानतो. तो आपला असतो. सत्काराचा भाग खरा असला तरच त्यातली टाचणी गोड लागते.

याच्या जवळचा दुसरा शब्दप्रयोग ‘शालजोडीतले’ हा. तिथेही वस्त्रच आहे, पण आत जोडा गुंडाळलेला आहे. शाल केवळ मार दिसू नये म्हणून. वरून दोन्ही सारखेच दिसतात. आत काय आहे ते घेणाऱ्यालाच कळते. गेल्या वर्षीची चिठ्ठी लिहिणाऱ्याने बहुधा शेलाच दिला होता. सहा महिने वर्गावर्गांतून फिरता फिरता त्याचा जोडा झाला. आणि फिशपॉन्ड म्हणाल, तर तिथे मासा गळाला लागतो. काठावरच्यांना त्यात मौज वाटत असेल, माशाला वाटत नाही.

मराठीत थट्टेला जितके शब्द आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाला असतील. थट्टा, मस्करी, चेष्टा, गंमत, टिंगल, टवाळी, खिल्ली, टर, टोमणा, कोपरखळी, चिमटा, फिरकी, कोटी, उपरोध, उपहास. मुलांनी हे शब्द समानार्थी म्हणून पाठ केलेले असतात. वस्तुतः प्रत्येकाची जात निराळी आहे. ‘चेष्टा’ हा संस्कृतात नुसत्या हालचालीचा शब्द. हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न असा झाला आणि मराठीत थट्टा. ‘मस्करी’ ही अरबीतल्या ‘मस्खरा’ या शब्दाची मराठीत आलेली लेक. ‘उपरोध’ म्हणजे मुळात अडवणे, वेढा घालणे. आजही उपरोधाने बोलणारा समोरच्याला वेढाच घालतो. शब्द सरळ असतात, त्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही. ‘कोपरखळी’ ही कोपराने हळूच दिलेली ढुशी. ती फक्त शेजारी बसलेल्यालाच मारता येते. दूरच्याला मारायची तर आधी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसावे लागेल.

या शब्दांचा वाक्यात उपयोग करून पाहताना आम्हाला एक गोष्ट दिसली. विद्यार्थ्यांनी ती व्याकरणाच्या तासाला जरूर पडताळून पाहावी. “मी त्याची थट्टा केली” असे आपण म्हणतो आणि “मी त्याच्याशी थट्टा केली” असेही म्हणतो. मस्करीचेही तसेच. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण अर्थ एक नाही. ‘त्याच्याशी’ म्हटले की दोघे जण त्या थट्टेत सामील आहेत. ‘त्याची’ म्हटले की तो थट्टेचा विषय झाला. तो तिथे हजर असेल किंवा नसेलही. आता हाच प्रयोग टिंगल, टवाळी, खिल्ली, टर या शब्दांवर करून पाहा. “मी त्याच्याशी टिंगल केली,” “त्याच्याशी खिल्ली उडवली,” ही वाक्ये कानाला खटकतात. या शब्दांना ‘ची’ चालतो, ‘शी’ चालत नाही. टिंगल नेहमी कोणाची तरी असते, कोणाशी कधीच नसते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्यांनी हा निवाडा एका प्रत्ययात करून ठेवला आहे आणि आम्ही शिक्षक तो विसरलो.

गेल्या वर्षी वर्गात “मी नवरीच आहे” म्हणून ती मुलगी हसली आणि सगळे हसले, तेव्हा ती थट्टा तिच्याशी होती. संमेलनाच्या मंचावरून निनावी चिठ्ठी वाचली गेली तेव्हा ती तिची झाली. मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलाने हाक मारली तेव्हा तिची टिंगल झाली. शब्द एकच होता, कोटीही तीच होती. बदलला तो प्रत्यय.

आपल्याकडे म्हणच आहे, मस्करीची कुस्करी होते. शेजारचे गुजराती बांधव म्हणतात, ‘हसवामांथी खसवुं थयुं’. हसता हसता भलतेच होऊन बसले. दोन्ही भाषांतल्या शहाण्या माणसांनी हे पाहिलेले आहे आणि दोघांनाही ते यमकात सांगावेसे वाटले.

उलट उत्तराची सोय

मग ‘ची’ची थट्टा कधीच करू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. जुन्या लग्नांत विहिणींची थट्टा गाण्यांतून होत असे. गुजराती लग्नांत फटाणां गातात, त्यांत वरपक्षाच्या मोठमोठ्या माणसांची रेवडी उडते. पण तिथे एक व्यवस्था असते. एका पक्षाने गायले की दुसरा पक्ष उत्तर देतो. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातू या नात्यांत थट्टेची मुभा आहे, ती दोन्ही बाजूंनी आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाची थट्टा करतो, पण तो राजाचा जिवलग असतो आणि आपल्या खादाडपणावर सगळ्यांना आधी हसू देतो. तमाशातल्या वगातला सोंगाड्या राजाला आणि प्रधानाला टोले देतो. त्याचे टोले वर जातात, खाली पडत नाहीत.

म्हणजे थट्टा निभावण्यासाठी दोन गोष्टी लागतात. समोरच्याला उलट उत्तर देता आले पाहिजे आणि देणाऱ्याने स्वतःलाही त्यात धरले पाहिजे. गेल्या वर्षी यांतले काहीच नव्हते. चिठ्ठी निनावी होती. त्या मुलीने उत्तर द्यायचे तरी कोणाला? ती खाली सभागृहात बसलेली आणि चिठ्ठी मंचावरून ध्वनिक्षेपकातून आलेली. आमच्या शिपाईकाकांवरची एक चिठ्ठी आम्ही त्याच वर्षी बाजूला काढली होती, कारण काका मंचावर येऊन उत्तर देणार नाहीत हे आम्हाला कळत होते. जे काकांच्या बाबतीत कळले ते एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत कळले नाही.

आपल्या गावचे दोन धडे

स्वतःला धरून थट्टा कशी करावी हे शिकायला आपल्याला लांब जावे लागत नाही. चिंतामण विनायक जोशी, म्हणजेच चिं. वि. जोशी (१८९२–१९६३), यांनी आयुष्याचा मोठा काळ या बडोद्यात काढला. बडोदे कॉलेजात ते पाली शिकवत. पुढे संस्थानाच्या दप्तराचे कामही त्यांनी पाहिले. दिवसा पाली ग्रंथ आणि जुने कागद हाताळणाऱ्या या गृहस्थाने मराठीला चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिले. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ हे पुस्तक पालकांपैकी बहुतेकांनी वाचले असेल. १९४० साली त्यांच्या कथांवर ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट निघाला आणि १९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिमणरावांची मालिका घरोघर पाहिली गेली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपांत ती जोडी आजही पुष्कळांना आठवते.

चिमणरावांच्या गोष्टी कोण सांगतो? स्वतः चिमणरावच सांगतात. फजिती त्यांची होते, घाबरगुंडी त्यांची उडते, आणि ते आपल्याच तोंडाने ते साळसूदपणे सांगत जातात. काऊ, मोरू, मैना, राघू, गुंड्याभाऊ, सगळ्यांच्या लकबी त्यांत आहेत, पण सगळ्यांत जास्त हशा सांगणाऱ्यावरच होतो. म्हणून त्या घरातल्या कोणाचाच अपमान झाला असे वाचकाला वाटत नाही. साठहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या लेखकाचा विनोद आजही नातवंडांना वाचून दाखवता येतो, यामागचे एक कारण हेच असावे.

गुजरातीतही असेच एक नाव आहे. सुरतेचे ज्योतींद्र दवे यांना सारा गुजरात हास्यलेखक म्हणून ओळखतो. देहाने ते अगदी किरकोळ. त्या किरकोळ देहावर त्यांनी स्वतः इतके लिहिले, की दुसऱ्या कोणाला हसायला काही शिल्लकच ठेवले नाही. त्यांच्या व्यायामसाधनेचा लेख आपल्याकडच्या पुष्कळ गुजराती पालकांना ठाऊक असेल. मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांतल्या या दोन लेखकांनी आधी आपले पागोटे उडवले आणि मग दुसऱ्याच्या पागोट्याला हात घातला.

मराठीचा प्रश्न वेगळा का?

कोणी म्हणेल, मुलांनी थोडे घट्ट व्हायला हवे. एका चिठ्ठीचे इतके काय? सवयींवरच्या थट्टेपुरते हे आम्हाला मान्य आहे. रोज उशिरा येणाऱ्याला “शाळेच्या घंटेने जागा होणारा” असे म्हटले तर तो दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊ शकतो. आमच्यातल्या गणिताच्या सरांना एकदा चिठ्ठी आली होती: “सरांचा एक्स अजून सापडलेला नाही; सापडल्यास कार्यालयात जमा करावा.” सरांनी ती अजून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

पण घरात बोलली जाणारी भाषा ही सवय नव्हे. ती बदलायची तर बोलणेच बंद करावे लागते, आणि त्या मुलीने तेच केले. इतर थट्टेने मूल दुखावते. या थट्टेने मूल दुखावते आणि एक मराठी बोलणाराही कमी होतो. मराठी टिकावी म्हणून चालवलेल्या संस्थेला हे परवडणारे नाही.

शिवाय आपण सगळेच या थट्टेचे जुने गिऱ्हाईक आहोत. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपल्या बोलण्यावर कसे गालात हसतात, हे बडोद्याच्या कोणत्या घराला माहीत नाही? “तुमची मराठी गोड आहे हो,” असे ते म्हणतात, आणि त्या ‘गोड’मध्ये काय असते ते आपल्याला नेमके समजते. अडीचशे वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस या गावात राहतो आहे. शेजारच्या भाषेशी देवाणघेवाण करत राहिला म्हणूनच तो इथला झाला. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव इथल्या मराठी घरांचा अनुभवही असाच आहे. बाहेरच्यांचे हसू आपण इतकी वर्षे सोसले. तेच हसू आता आपल्या शाळेत आपणच आपल्या मुलांवर सोडावे, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

याचा अर्थ मुलांना प्रमाण मराठी शिकवू नये असा मुळीच नाही. ‘नवरी’चा मराठी अर्थ बाईंनी त्याच तासाला समजावून दिला होता आणि तो मुलीला तेव्हाच कळला होता. चूक दाखवणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते एका मिनिटात होते. त्या चुकीची सहा महिने वरात काढणे हे कोणाचेच काम नाही.

बंद का करू नये?

आदरणीय विश्वस्तांच्या सूचनेमागची कळकळ आम्ही जाणतो. तरीही शेलापागोटे बंद करू नये असे आमचे नम्र मत आहे. पेटी बंद केली म्हणून थट्टा बंद होणार नाही. ती जिन्याखाली जाईल, शाळेच्या बसमध्ये जाईल, मुलांच्या मोबाइलवरच्या गटांत जाईल. तिथे निवड करायला कोणी नसेल आणि चुकले तर माफी मागायलाही कोणी नसेल. मुले थट्टा करणारच, मोठेही करतातच. चांगली थट्टा कशी करावी आणि ती कशी घ्यावी हे शिकवणारी दुसरी कोणतीही तासिका आपल्या वेळापत्रकात नाही. पोहायला शिकवायचे तर पाण्यात उतरवावे लागते. मात्र काठावर पोहणारा माणूस उभा हवा. गेल्या वर्षी तो उभा होता, पण टाळ्या वाजवत होता.

म्हणून पेटी ठेवावी, आणि पुढील नियमांनी ठेवावी, असा आमचा प्रस्ताव आहे.

१. प्रत्येक चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचे नाव असावे. चिठ्ठी वाचली जाताच त्याने जागेवर उभे राहावे. ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला तिथल्या तिथे किंवा दुसऱ्या फेरीत उत्तर देता यावे. निनावी चिठ्ठी घेतली जाणार नाही.

२. दुसऱ्यावर एक चिठ्ठी टाकणाऱ्याने स्वतःवरही एक टाकावी. स्वतःवरची जमली नसेल तर दुसऱ्यावरचीही वाचली जाणार नाही.

३. रंग, उंची, शरीर, तोतरेपणा, आईवडिलांचा व्यवसाय, घरची परिस्थिती, जात, धर्म आणि घरची बोली यांवर चिठ्ठी नको. ज्या गोष्टी उद्यापासून बदलता येतील त्यांवर खुशाल लिहा.

४. निवडलेली चिठ्ठी संमेलनाच्या दोन दिवस आधी संबंधिताला दाखवावी. त्याने “नको” म्हटले तर कारण न विचारता ती काढून टाकावी.

५. पहिल्या दहा चिठ्ठ्या शिक्षकांवर, मुख्याध्यापकांवर आणि, त्यांची हरकत नसेल तर, विश्वस्तांवर असाव्यात. सुरुवात आमच्या समितीपासून करावी.

चौथ्या नियमाने अचानकपणाची मजा थोडी कमी होईल, असे आमच्या समितीतल्याच विद्यार्थ्यांनी सांगितले. ते खरे आहे. तेवढी मजा आपण सोडून द्यावी.

याखेरीज एक सूचना आहे. मराठी विभागाने या सत्रात एक भित्तिपत्रक काढावे, ‘आमच्या घरचे शब्द’. बडोद्याच्या मराठी घरांत गुजरातीतून आलेले, बाहेरच्यांना चमकवणारे शब्द प्रत्येकाने आपल्या नावासह त्यावर लिहावेत आणि त्यांचे दोन्ही भाषांतले अर्थ द्यावेत. आजी-आजोबांना विचारावे. शिक्षकांनीही आपापल्या घरचे शब्द लिहावेत. पन्नास घरांचे शब्द एका भिंतीवर लागले की हसू येईलच. पण ते सगळ्यांचे सगळ्यांशी असेल.

शेवटी

हा लेख छापण्याआधी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो, तिची आणि तिच्या आईवडिलांची माफी मागितली आणि लेख तिला वाचायला दिला. तिने सांगितले असते तर आम्ही तो छापला नसता. तिने तो दोनदा वाचला आणि एकच दुरुस्ती सुचवली. आमच्या पहिल्या खर्ड्यात ‘संमेलनात ती रडली’ असे वाक्य होते. ती म्हणाली, “तिथे नव्हते रडले. घरी येऊन रडले.” आम्ही ते वाक्य काढून टाकले आहे.

आम्ही तिला यंदाच्या समितीत येण्याविषयी विचारले. तिने अजून होकार दिलेला नाही आणि आम्ही पुन्हा विचारून तिला भरीस पाडणार नाही.

विश्वस्त मंडळाची बैठक या महिन्याच्या अखेरीस आहे. पालकांनी आपली मते त्याआधी लेखी कळवावीत. विद्यार्थ्यांनीही कळवावीत, पण चिठ्ठीवर नाव घालून! मंडळाने अनुमती दिली तर पेटी ग्रंथालयाच्या दाराशी येईल आणि तिच्यात पहिल्या तीन चिठ्ठ्या आमच्या असतील, आमच्याचवर लिहिलेल्या.